चाकाविना घडलेली भांडी: क्वालीपासून फार्नहॅमपर्यंत

नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला एक कुंभारीण आहे. तिचे नाव लादी क्वाली. ही नोट 2007 साली चलनात आली, तेव्हा लादीला जाऊन तेवीस वर्षे झाली होती. देशाच्या चलनावर राजकारणी आणि सेनानी मिळतातच, पण हाताने मडकी घडवणारी खेड्यातली बाई तिथे असणे ही साधी गोष्ट नाही.

आज सिरॅमिकच्या वर्गात मातीच्या वळ्या (दोरीसारख्या लांब गुंडाळ्या) रचून पोकळ, शिल्पासारखी भांडी कशी उभी करायची हे शिकवताना मॅग्डालीन ओडुंडो हे नाव हटकून निघते. तिच्या काळ्या-केशरी, लांब मानेच्या भांड्यांचे फोटो फिरतात. पण ओडुंडोच्या मागे लादी क्वाली आहे, आणि लादीच्या मागे मध्य नायजेरियातल्या ग्वारी बायकांच्या कितीतरी पिढ्या. ही साखळी माहीत नसली की ती भांडी एका प्रतिभावान बाईला एकटीला सुचलेली वाटतात. तशी ती नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. हाताने घडवणे म्हणजे चाक सापडण्याआधीची अडाणी पायरी आणि चाक म्हणजे प्रगती, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. चीनमधल्या श्यानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरे सुमारे 20,000 वर्षांपूर्वीची आहेत. चाकाचे वय त्याच्या पाव पटीच्या आसपास आहे. जपानमधल्या जोमोन काळातली, काठावर ज्वाळा उसळल्यासारखी दिसणारी भांडी साधारण 5,000 वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांना चाकाचा स्पर्शही नाही. शिवाय चाक आल्यावर हात थांबले, असेही झाले नाही.

याचा उत्तम पुरावा पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने मोठे उत्खनन केले. तिथल्या जोर्वे काळातल्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लोकांना चाक उत्तम येत होते. लाल अंगावर काळी नक्षी असलेली त्यांची पातळ, नीटस भांडी पाहिली की कुणालाही ते पटेल. पण लहान मुलांना पुरण्यासाठी ते जे रांजण तोंडाला तोंड लावून जमिनीत ठेवत, ते मात्र हाताने घडवलेले, जाडसर आणि करडे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तर चार पायांचा मोठा मातीचा रांजण निघाला, आणि आत मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा. चार पायांचा रांजण चाकावर उतरत नाही. चाक फक्त गोल आकार देते. ज्याला पोट, पाय, खांदे हवेत, त्याला हातांकडेच परत यावे लागते. म्हणजे चाक येत असूनही या लोकांनी मरणाशी निगडित भांड्यासाठी हात निवडले. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते.

आता ग्वारी मुलखाकडे वळू. ग्वारी (ग्बारी असेही म्हणतात) समाजात मडकी घडवणे हे बायकांचे काम. लादीचा जन्म 1925 च्या सुमारास क्वाली नावाच्या गावी झाला. गावाचेच नाव तिच्या नावाला चिकटले. ती शाळेत गेली नाही. मावशी-आत्यांच्या पिढीतल्या एका नातलग बाईकडून लहानपणीच हे काम शिकली.

या पद्धतीत भांडे जागचे हलत नाही, बाई हलते. मातीचा मोठा गोळा ठेवायचा, त्याच्या मध्यात मूठ मारत मारत खळगा करायचा आणि कडा वर ओढत न्यायच्या. तळ आणि पोटाची सुरुवात यातूनच होते. मग जाड वळ्या करून काठावर एकेक बसवत जायचे, आणि हे करताना बाई भांड्याभोवती पावले टाकत फिरत असते. एक हात आत, एक बाहेर. आतल्या हातातल्या चपट्या लाकडी थापीने भिंत बाहेरच्या बाजूला ठोकत न्यायची, म्हणजे पोट फुगते, जोड दाबले जातात आणि भिंत पातळही होते.

वळी कुठे बसवायची यावर सगळा आकार ठरतो. पोट वाढवायचे असेल तर वळी काठाच्या बाहेरच्या अंगाला, खांदा आत घ्यायचा असेल तर आतल्या अंगाला. खांद्यापाशी खरी कसोटी लागते, कारण तिथे ओल्या मातीला खालून आधार नसतो. कडे पूर्ण गोल जुळले की ते स्वतःला धरते. अर्धवट राहिले, किंवा खालचा थर पुरेसा सुकण्याआधी घाई केली, तर खांदा आत बसतो. उलट खालचा थर फार सुकला तर नवी वळी त्याला धरत नाही आणि भाजताना नेमकी तिथेच चीर जाते. मधली ती अवस्था, बोट दाबले तर ठसा उमटेल पण भिंत लवणार नाही अशी, हातालाच कळते. शेवटी मान इतकी अरुंद होते की हात आत जात नाही, आणि तिथून पुढे आतून दुरुस्ती नाही.

आकार झाला की नक्षी. खाचा पाडलेली लाकडी नळी किंवा पिळलेली दोरी ओल्या अंगावर फिरवून पट्टे उठवायचे आणि त्यामध्ये टोकदार काडीने सरडे, विंचू, मगरी, साप, पक्षी, मासे कोरायचे. भट्टी नसे. वाळलेले गवत-काटक्या रचून उघड्यावर जाळ करायचा. असे भाजलेले भांडे सच्छिद्र राहते आणि पाणी पाझरून गार ठेवते. आपल्या माठाचे तत्त्व तेच.

लादीची मडकी अबुजाच्या अमिराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात होती. हे अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. 1976 मध्ये नव्या राजधानीसाठी ते नाव घेतले गेले आणि जुने गाव सुलेजा झाले. 1950 साली मायकेल कार्ड्यू हा इंग्रज कुंभार वसाहत सरकारचा अधिकारी म्हणून नायजेरियात आला आणि त्याने ती मडकी अमिराच्या वाड्यात पाहिली. कार्ड्यू हा बर्नार्ड लीच या नामवंत इंग्रज कुंभाराचा पहिला शिष्य. लगेचच त्याने अबुजात प्रशिक्षण केंद्र उभारले. तिथे चाक आले, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आले, लाकडावर पेटणारी आणि साधारण 1,280 अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी भट्टी आली. शिकणारे सगळे पुरुष. म्हणजे ज्या मुलखात मडकी बायकांची, तिथेच नव्या ‘पॉटरी’ची जागा पुरुषांना मिळाली. वसाहतीच्या योजनांमध्ये हे सर्रास घडत असे, पण म्हणून ते कमी खटकत नाही.

लादी 1954 च्या अखेरीस केंद्रात आली. ती तिथली पहिली स्त्री. तिने चाकही शिकून घेतले, पण मोठी भांडी ती आपल्या पद्धतीनेच घडवत राहिली, उभी राहून, भोवती फिरत. पुढे असिबी इदो, कांदे उशाफा अशा आणखी ग्वारी बायका तिथे आल्या. चाक फिरवायचे ते पुरुषांनी, बायकांनी माती मळायची, थापायची, रंगवायची, ही विभागणी आपल्या कुंभारवाड्यांतही पिढ्यानपिढ्या होती, त्यामुळे या बायकांचे तिथे येणे किती मोठे होते हे आपल्याला सांगावे लागू नये.

अबुजात लादीच्या मडक्यांचे जे झाले ते नीट पाहायला हवे. आकार तोच, सरडे-विंचू तेच. पण कोरलेल्या रेषांत आता पांढरी माती भरली जाऊ लागली, वरून हिरवट किंवा गडद ग्लेझ चढले आणि भांडे स्टोनवेअर होऊन निघाले. दगडासारखे कठीण. त्यातून पाणी पाझरेना, म्हणून ते गारही होईना. जड तर होतेच. नदीवरून पाणी आणायला त्याचा उपयोग नव्हता. 1958 पासून लंडनच्या बर्कली गॅलरीत ही भांडी मांडली गेली आणि लोकांनी ती विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवली.

काही अभ्यासक याकडे ऱ्हास म्हणून पाहतात: जिवंत वापरातली वस्तू उचलून शोभेची केली. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि क्वालीत राहिलेल्या, नाव न झालेल्या बायकांचा विचार केला तर अधिकच. पण मला दुसरीही बाजू दिसते. उपयोग गळून पडला तेव्हा जे उरले ते फुटकळ नव्हते. आतून दाब देऊन फुगवलेले पोट, तणलेला खांदा, त्यावर चालणारे प्राणी, हे सगळे पाण्याविनाही उभे राहिले. पोकळ भांडे हे शिल्प असू शकते यासाठी वेगळा सिद्धान्त मांडावा लागला नाही. लादीची भांडी समोर होती. 1977 मध्ये अहमदू बेलो विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. अबुजाच्या त्या केंद्रालाही पुढे तिचेच नाव मिळाले.

मॅग्डालीन ओडुंडोचा जन्म 1950 चा, नैरोबीचा. तिच्या बालपणाची काही वर्षे भारतात गेली. 1971 मध्ये ती जाहिरातकला शिकायला इंग्लंडला गेली, केंब्रिजमध्ये मातीच्या प्रेमात पडली आणि कार्ड्यूच्या सांगण्यावरून 1974 मध्ये अबुजाला पोचली. तिथे ती लादी क्वाली आणि इतर ग्वारी बायकांकडून हाताने घडवणे शिकली. इंग्लंडमध्ये कला शिकणारी आफ्रिकन मुलगी पायाभूत धडे घ्यायला नायजेरियातल्या खेडवळ बायकांकडे जाते, हा उलटा प्रवास आहे आणि तो तिने जाणूनबुजून केला. पुढे इंग्लंडमधल्या फार्नहॅमच्या कला महाविद्यालयातून आणि 1982 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून तिने पदव्या घेतल्या. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या सान इल्देफोन्सो पुएब्लोत जाऊन मारिया मार्टिनेझची घोटून चमकवलेली काळी भांडीही पाहिली.

अबुजाने लादीच्या भांड्यावर ग्लेझ चढवले होते. ओडुंडोने ते काढून टाकले. तिच्या भांड्यांवर ग्लेझ नसतेच. लाल मातीचा गोळा उघडून, वर वळ्या चढवून, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडून ती भिंत पातळ करते. सुकल्यावर अतिशय बारीक मातीचा पातळ लेप देते आणि गुळगुळीत दगडांनी घोटते. पुन्हा लेप, पुन्हा घोटणे. घोटल्याने मातीचे चपटे कण एका दिशेत बसतात आणि त्यातून झिलई येते. पहिल्या भाजणीत भट्टीत हवा भरपूर असते, म्हणून मातीतले लोह लाल-केशरी होते. दुसऱ्यांदा भांडे बंद डब्यात लाकडाच्या ढलप्यांसह भाजतात. आत प्राणवायू उरत नाही, धुराचा कार्बन अंगात शिरतो, लोहाचाही रंग पालटतो आणि भांडे काळे होते. मनासारखे झाले नाही तर तेच भांडे ती पुन्हा भाजते.

अशी जवळजवळ बंद पोकळ भांडी भट्टीत फुटतात ती आत अडकलेल्या हवेमुळे, असे वर्गावर्गांत सांगितले जाते. खरा दोष पाण्याचा आहे. मातीत ओल राहिली आणि जाळ भरभर चढला, तर तिची वाफ सोळाशेपट जागा मागते आणि भिंत उडवते. नीट सुकलेल्या भांड्यात हवा कोंडली तरी सहसा काही होत नाही. जाड भिंत सुकायला वेळ घेते, म्हणून भिंत पातळ करण्याचा हा सगळा खटाटोप केवळ देखणेपणासाठी नसतो.

ओडुंडोच्या भांड्यांच्या माना कललेल्या असतात, खांद्यांवर लहान उंचवटे असतात, काठ काँगोतल्या मांगबेतू समाजातल्या बायकांच्या मागे ओढलेल्या केशरचनेची आठवण देतात. पोट, मान, ओठ, खांदा हे शब्द आपण भांड्यांना रोज लावतो. ओडुंडोने ते अक्षरशः घेतले. गोल तोल सांभाळूनही भांडे किंचित एका अंगाला झुकते, आणि हे झुकणे चाकावर मिळत नाही.

2020 मध्ये ब्रिटनने तिला डेम हा किताब दिला. 2022 च्या सुरुवातीला लंडनच्या टू टेंपल प्लेसमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मातीकामाचे एक प्रदर्शन भरले. जारेह दास या संयोजिकेने त्याची सुरुवात अबुजापासून केली. लादी क्वालीची भांडी, मग ओडुंडोची, आणि त्यांच्या पुढे फीबी कॉलिंग्ज-जेम्स, बिसिला नोहा अशा आज काम करणाऱ्या तरुण स्त्रियांची. नंतर तेच प्रदर्शन यॉर्कलाही गेले.