‘आपली गरीब अर्जदार’

इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली यादवी पेटली. ती १६५१ पर्यंत चालली आणि पार्लमेंट जिंकलं. लढाईत जितकी माणसं गेली, त्याहून जास्त छावण्यांतल्या तापाने आणि रोगराईने गेली. मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं, ते कळतं त्यांनी पेन्शनसाठी केलेल्या अर्जांवरून.

जखमी सैनिकांना पेन्शन देणारा कायदा राणी एलिझाबेथच्या काळातच, १५९३ साली झाला होता. त्यात विधवांना जागा नव्हती. १६४२ च्या ऑक्टोबरमध्ये पार्लमेंटने आपल्या सैनिकांच्या बायकापोरांचीही जबाबदारी घेतली. ही मोठीच गोष्ट होती. राजाच्या बाजूने मेलेल्यांच्या बायकांना मात्र १६६२ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. कित्येकींची पोरं तोवर कर्ती झाली होती.

अर्ज जायचा दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांच्या बैठकीपुढे. बहुतेकींना लिहिता येत नसे. लेखनिक लिहून देई, बाई खाली खूण करी. अर्जात ‘मी’ नसतोच, ‘आपली गरीब अर्जदार’ असते, आणि शेवटी ती न्यायाधीशांसाठी सदैव प्रार्थना करण्याचं वचन देते. मग यात तिचा आवाज कुठे? अभ्यासक आधी ठरीव वाक्यं बाजूला काढतात. उरतं ते पाहतात: नवरा कोणत्या लढाईत पडला, कोणाच्या हाताखाली होता, पदरी किती लेकरं, सैनिकांनी घरातलं काय लुटून नेलं. हे लेखनिकाच्या साच्यातून येत नाही. हे तिनेच सांगितलेलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत कठीण होतं पुराव्याचं काम. मेलेल्यांना रणातच एकत्र पुरलं जाई, त्यामुळे नवऱ्याच्या कॅप्टनचा दाखला लागे. कॅप्टनच मेला असेल तर त्याचे सोबती शोधायचे, शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करायच्या, आणि लेकरू कडेवर घेऊन जिल्ह्याच्या गावी चालत जायचं.

१६६० मध्ये पहिल्या चार्ल्सचा मुलगा, दुसरा चार्ल्स, गादीवर आला आणि सगळं उलटलं. ज्या दाखल्यावर काल पेन्शन मिळत होतं, तोच आता नवरा राजाविरुद्ध लढल्याचा पुरावा ठरला. पार्लमेंटच्या बाजूच्या विधवांची पेन्शनं बंद झाली आणि त्या पुन्हा पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराच्या, दारात, गरिबांसाठीच्या मदतीच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.