आक्रमक बदल आणि शेवटची वीस मिनिटं: एका समजुतीची पार्श्वभूमी

फुटबॉलमध्ये पिछाडीवर असलेल्या संघानं 70व्या मिनिटाच्या आसपास आणखी एक आघाडीपटू उतरवला की सामना फिरतो, ही समजूत वाटते तितकी जुनी नाही. ती जुनी असूच शकत नाही, कारण 1966च्या विश्वचषकापर्यंत त्या स्पर्धेत बदली खेळाडूच नव्हता. इंग्लंडच्या लीगनं 1965-66च्या हंगामात एक बदल मान्य केला, तोही फक्त जखमी खेळाडूच्या जागी. डावपेच म्हणून बदल करण्याची मुभा त्यानंतर आली. 1970मध्ये मेक्सिकोतल्या विश्वचषकात प्रत्येक संघाला दोन बदल मिळाले आणि 1995पासून तीन रूढ झाले.

बदलांची संख्या वाढली, तशी त्यांच्यामागची गरजही वाढली. विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडच्या लीगमध्ये 1981ला आणि विश्वचषकात 1994ला आली. तोपर्यंत 1-1 असताना शेवटच्या टप्प्यात बचाव आवळून बसणं शहाणपणाचं होतं. आता बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघाच्या हातून दोन गुण निसटतात. माझ्या मते आक्रमक बदलाची सवय लागली ती मुख्यतः या हिशेबामुळे. राखीव खेळाडूंची लांब रांग नंतरची.

खरा गुंता ‘आक्रमक बदल’ या शब्दातच आहे. आघाडीपटूच्या जागी आघाडीपटू आला, तर संघ अधिक आक्रमक झाला का? रचना तीच राहते, फक्त पाय ताजे होतात. मधल्या फळीतला खेळाडू काढून आघाडीपटू आणला, तर रचना बदलते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण समालोचनात दोन्हींना एकच नाव मिळतं.

1999चा बार्सिलोनातला युरोपीय अंतिम सामना या चर्चेत हमखास येतो. इंग्लिश क्लब मँचेस्टर युनायटेड जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध 0-1 मागे होता. 67व्या मिनिटाला विंगरच्या (कडेनं चढाई करणाऱ्या खेळाडूच्या) जागी आघाडीपटू आला आणि 81व्या मिनिटाला आघाडीपटूच्या जागी दुसरा आघाडीपटू. भरपाईच्या वेळेत याच दोघांनी गोल केले आणि सामना 2-1 असा फिरला. म्हणजे एक बदल रचना मोडणारा होता, दुसरा जागच्या जागी केलेला. शिवाय दोन्ही गोल कॉर्नरवरून आले. आणि सहसा सांगितला जात नाही असा भाग म्हणजे जर्मन संघानंही त्या टप्प्यात आक्रमणातला एक ताजा खेळाडू उतरवला होता. 1-0 असताना त्याचा चेंडू गोलखांबाला लागून परत आला. तो आत गेला असता तर आज ‘सामना संपवणारा बदल’ म्हणून त्याचंच उदाहरण दिलं गेलं असतं.

2022च्या विश्वचषकात जपाननं जर्मनीला 2-1 असं हरवलं, तो सामना आणखी बोलका आहे. दोन्ही गोल बदली आक्रमकांचे, 75व्या आणि 83व्या मिनिटाला. पण मध्यंतराला, 0-1 मागे असताना, जपाननं पहिला बदल केला तो आक्रमक मध्यरक्षक काढून बचावपटू आणण्याचा. मागची फळी तिघांची झाली, बाजूचे खेळाडू वर सरकायला मोकळे झाले आणि मगच पुढचे बदल उपयोगी ठरले. मोजदाद करणारा हा पहिला बदल ‘बचावात्मक’ या रकान्यात टाकेल. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत आक्रमक निर्णय तोच होता.

आकडेवारीनं हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. 2012मध्ये एका अमेरिकी संशोधकानं पिछाडीवरच्या संघांसाठी सोपा नियम मांडला: पहिला बदल 58व्या मिनिटाआधी, दुसरा 73व्या मिनिटाआधी, तिसरा 79व्या मिनिटाआधी करा. नियम पाळणाऱ्या संघांनी गोलफरक सुधारण्याचं प्रमाण न पाळणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. आकडे लक्षात ठेवायला सोपे असल्यामुळे नियम भराभर पसरला. 2016मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी तोच विषय वेगळ्या पद्धतीनं तपासला. दुसऱ्या सत्रात बदलामुळे खास फायदा होतो असा कुठलाही ठरावीक क्षण त्यांना सापडला नाही. उलट संघ तुल्यबळ असतील, तर पुढचा गोल पिछाडीवरच्या संघाकडून होण्याची शक्यता मुळातच जास्त असते, असं त्यांना दिसलं.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. आघाडीवरचा संघ मागे सरकतो, पिछाडीवरचा धोका पत्करतो, आणि दमलेल्या पायांमुळे शेवटच्या टप्प्यात तसेही जास्त गोल होतात. आक्रमक बदल नेमका याच वेळी होत असल्यानं सगळं श्रेय त्याच्या खात्यात जमा होतं. सरसकट निकाल पाहिले तर उलटीच फसगत होते. असे बदल हरत असलेलेच संघ करतात, म्हणून ते पराभवाशी जोडलेले दिसतात. शिवाय दोन्ही अभ्यासांचा भर बदल केव्हा केला यावर होता. बदल कोणत्या प्रकारचा होता, हा प्रश्न मागेच राहिला.

त्यात 2020 उजाडलं. महामारीनंतर सामन्यांची गर्दी झाली म्हणून पाच बदलांची तात्पुरती परवानगी मिळाली आणि 2022मध्ये ती कायमची झाली. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगनं मधले दोन हंगाम तीनच बदल ठेवले. भरभक्कम राखीव फळी असलेल्या श्रीमंत क्लबांचं फावेल, हा तिथला आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. 2022-23पासून तिथेही पाच आले.

हे पाच बदल मध्यंतर सोडून तीनच थांब्यांत करावे लागतात, त्यामुळे ते जोडीनं होतात. 2022च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध फ्रान्सनं 0-2 मागे असताना 41व्या मिनिटाला दोन आणि 71व्या मिनिटाला आणखी दोन खेळाडू बदलले. दुसऱ्या जोडीत एक विंगर होता आणि डाव्या बचावपटूच्या जागी आलेला मध्यरक्षक. 80व्या मिनिटाची पेनल्टी मिळवली पहिल्या जोडीतल्या एकानं. पुढच्याच मिनिटाला 71व्या मिनिटाला आलेल्या विंगरनं चेंडू हिसकावला, पहिल्या जोडीतल्या दुसऱ्यानं अखेरचा पास दिला आणि 2-2 झालं. दोन्ही गोल मात्र सुरुवातीपासून मैदानात असलेल्या खेळाडूचे. त्याआधी 64व्या मिनिटाला अर्जेंटिनानं आपला सर्वांत त्रासदायक विंगर काढून बचावपटू आणला होता, त्या निर्णयावर आजही वाद होतो. फ्रान्स सावरला तो आपल्या चार बदलांमुळे की अर्जेंटिनाच्या त्या एका बदलामुळे, हे वेगळं काढता येत नाही. शेवटी सामना 3-3 राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना जिंकली. गोलफरकाच्या तक्त्यात फ्रान्सचे बदल यशस्वी ठरतात, विजयाच्या तक्त्यात नाही.