बेंबीपाशी सुरू होणारे दुखणे

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये नाशिक येथे झाली आणि राज्यभरातील संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी त्याच्याच परीक्षा देतात. तिथल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पचनसंस्था वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी शिकवली गेली: पहिल्या वर्षी रचना आणि कार्य, पुढे विकृती आणि औषधे, शेवटी शस्त्रक्रिया. २०१९ पासून एमबीबीएससाठी लागू झालेल्या क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतलेल्या, अभ्यासक्रमाने हे तुकडे जोडण्यावर भर दिला, ही फार गरजेची गोष्ट होती. त्यांची सांगड घालायला अपेंडिक्सच्या दुखण्याइतका चांगला धडा दुसरा नाही, असे मला वाटते.

दिंडोरीकडचा एखादा तरुण शेतमजूर सांगतो की काल संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागले, जेवण नकोसे झाले, मळमळले आणि आज सकाळी कळ उजवीकडे खाली सरकली. अपेंडिक्स मुळात उजव्या बाजूला असताना दुखणे बेंबीपाशी का सुरू व्हावे? आतड्यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसा जागा नेमकी सांगू शकत नाहीत. अपेंडिक्सकडून येणारा संदेश मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतो, त्याच पातळीवर बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही येतात, त्यामुळे मेंदूला दुखणे तिथलेच वाटते. सूज वाढून पोटाच्या भिंतीच्या आतील आवरणापर्यंत पोहोचली की त्या आवरणाच्या नसा जागा अचूक दाखवतात. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, पहिल्या एक तृतीयांश अंतरावर, बोट ठेवताच रुग्ण कळवळतो. अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णन केलेला बिंदू तो हाच.

पोट तपासताना आधी नुसते पाहायचे, मग स्टेथोस्कोप लावायचा आणि त्यानंतरच हात लावायचा, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. हात गरम असावा, सुरुवात दुखऱ्या जागेपासून दूर करावी आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असावी, कारण तो "दुखतंय" म्हणण्याआधीच त्याच्या कपाळावर आठी उमटते.

पूर्वी निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, असे शिकवत; त्याने निदान बिघडत नाही हे आता अभ्यासांतून दिसले आहे आणि रुग्णाला विनाकारण तळमळत ठेवणे योग्य नव्हेच. मात्र उपचाराविना दुखणे एकाएकी थांबले, तर अपेंडिक्स फुटल्याची शंका घ्यावी लागते.

सर्वच रुग्ण पुस्तकाप्रमाणे येत नाहीत. अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेले असेल तर पुढून दाबून फारसे काही कळत नाही. अशा वेळी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून उजवी मांडी हळूच मागे ताणतात आणि मागच्या स्नायूला सुजेची झळ लागलेली असेल, तर तेव्हा कळ उठते.