बाइकोई: सहाशे सीसीची रेघ आणि 1974 चा सौदा

माओरी भाषेत हिकोई म्हणून एक शब्द आहे. अर्थ अगदी साधा, पाऊल, चालणं. पण 1975 मध्ये ऐंशीला टेकलेल्या फिना कूपर न्यूझीलंडच्या पार उत्तर टोकावरच्या ते हापुआ गावाहून वेलिंग्टनच्या पार्लमेंटपर्यंत जमिनीच्या हक्कासाठी लोकांना घेऊन चालत गेल्या, साधारण हजार किलोमीटर, आणि त्यानंतर त्या देशात हिकोई म्हटलं की निषेधाची पायी यात्रा हाच अर्थ पहिला डोक्यात येतो. 2004 मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या मालकीवरून पुन्हा मोठी हिकोई निघाली. मग 2009 मध्ये बाइकवाले चिडले आणि त्यांनी त्या शब्दाला सरळ बाइक जोडून टाकली, झालं बाइकोई. मला हा शब्द बेहद्द आवडतो, कारण यात थोडी चेष्टा आहे आणि थोडा हट्टही आहे, की आम्हीपण वेलिंग्टनला येतोय, फक्त चालत नाही येणार.

17 नोव्हेंबर 2009, मंगळवार. कामाचा दिवस. तरी पार्लमेंटसमोर सहा हजारांच्या आसपास बाइक जमल्या, काहींनी आकडा याहून बराच जास्त सांगितला. दक्षिण बेटावरचे लोक पिक्टनहून फेरीत गाड्या चढवून कुक सामुद्रधुनी पार करून आले. चाळीस-पंचेचाळीस लाख वस्तीच्या देशात हे काय लहानसहान प्रकरण नाही. कारण काय, तर गाडीच्या रजिस्ट्रेशनबरोबर, म्हणजे तिकडे सगळे रेगो म्हणतात त्याच्याबरोबर, एसीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी अपघात भरपाई योजनेची, जी लेव्ही म्हणजे सक्तीची वर्गणी भरावी लागते ती सहाशे सीसीच्या वरच्या बाइकला वर्षाला साधारण 250 डॉलर होती आणि प्रस्ताव आला होता साधारण 745 डॉलरचा. जवळजवळ तिप्पट. सहाशेच्या आतल्या बाइकला पाचशेच्या वर, आणि बिचाऱ्या मोपेडलापण अडीचशेच्या वर.

आता बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की कर वाढला म्हणून लोक ओरडले, त्यात काय एवढं, सगळीकडे हेच चालतं. पण हे भांडण नीट समजायचं तर एसीसी म्हणजे काय भानगड आहे तिथपासून सुरुवात करावी लागते, कारण बाइकवाल्यांचा राग नुसता पैशाचा नव्हता, एक सौदा मोडला जातोय असा होता.

एसीसी म्हणजे न्यूझीलंडचं अपघात भरपाई महामंडळ. तुमचा अपघात झाला, रस्त्यावर, कारखान्यात, घरात शिडीवरून पडून, रग्बी खेळताना, कुठेही, तर उपचाराचा खर्च आणि कमावते असाल तर बुडालेल्या पगाराच्या 80 टक्के ते देतात, आणि चूक कोणाची हे विचारतच नाहीत. बदल्यात तुम्ही समोरच्यावर शारीरिक इजेच्या भरपाईचा दावा लावायचा नाही. लावताच येत नाही, कायद्याने तो हक्कच काढून घेतलाय. आपल्याकडे अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं खेटे घालणारी माणसं बघितली असतील तर ही कल्पना किती वेगळी आहे ते लगेच कळेल.

ही कल्पना आली ओवेन वुडहाउस नावाच्या न्यायाधीशाकडून. त्यांच्या अध्यक्षतेखाली एक रॉयल कमिशन बसलं होतं, खरं तर कामगारांच्या नुकसानभरपाईचा जुना कायदा सुधारायला, तो कायदा 1900 पासूनचा. रस्त्यावरच्या गाड्यांना 1928 च्या कायद्यापासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा होता, पण त्यात पैसे मिळवायचे तर दुसऱ्याची चूक सिद्ध करा, वकील करा, वाट बघा. वुडहाउस म्हणाले हे सगळं लॉटरीसारखं आहे, एकाच प्रकारे पाय गेलेल्या दोन माणसांपैकी एकाला भरपूर मिळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही, का तर पहिल्याला चूक करणारा सापडला. डिसेंबर 1967 च्या त्या रिपोर्टमध्ये पाच तत्त्वं होती आणि त्यातलं पहिलंच समाजाची जबाबदारी. म्हणजे समाजाला गाड्या हव्यात, कारखाने हवेत, वेग हवा, तर त्यातून होणारी मोडतोडही समाजानेच वाटून घ्यावी. कारखान्यांना धोक्यानुसार वेगवेगळे दर लावू नका, सगळ्यांना एकच दर लावा, असंही त्यात होतं. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

1972 मध्ये नॅशनल पार्टीच्या सरकारने कायदा केला, नंतर आलेल्या लेबरने न कमावणाऱ्यांनाही त्यात घेतलं, आणि 1 एप्रिल 1974 पासून योजना सुरू झाली. कारखान्यांना एकच दर लावा ही सूचना मात्र पार्लमेंटने पाळली नाही, धंद्याच्या धोक्यानुसार दर ठेवले. गाड्यांसाठी वेगळं खातं, आणि त्यात पैसा येणार रेगोबरोबरच्या लेव्हीतून. म्हणजे जुना थर्ड पार्टी विम्याचा हप्ता होता तोच कपडे बदलून लेव्ही झाला. नंतर पेट्रोलवरही लिटरमागे काही सेंट लावले. बाइक पेट्रोल कमी पिते, त्यामुळे त्या वाटेने बाइकवाल्याकडून कमी पैसे येतात, हा मुद्दा पण लक्षात ठेवा, 2009 मध्ये सरकारने तो वापरलाच.

मधल्या वर्षांत सौद्याच्या दोन्ही बाजू हळूहळू सरकल्या. 1992 च्या कायद्याने कायमच्या इजेसाठी मिळणारी एकरकमी भरपाई काढून टाकली, 2002 मध्ये ती वेगळ्या रूपात परत आली. म्हणजे दावा लावायचा हक्क 1974 ला सोडला तो सोडलाच, पण त्याच्या बदल्यात जे मिळत होतं त्यातलं काही मधेच दहा वर्षं गायब. जुन्या लोकांना हे चांगलं आठवत होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिशोबाची पद्धत बदलली, आणि हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून बरेच जण तो गाळतात, पण खरी मेख इथेच आहे. आधी पद्धत अशी की यंदाच्या खर्चाला लागेल तेवढेच पैसे यंदा गोळा करायचे. 1999 च्या सुमारास ठरलं की नाही, यंदा जे अपघात होतील त्यांचा पुढच्या तीसचाळीस वर्षांचा सगळा खर्च यंदाच्याच लेव्हीतून बाजूला काढून गुंतवायचा. एखाद्या तरुणाचा कणा मोडला तर त्याची आयुष्यभराची शुश्रूषा आजच मोजायची. शिवाय जुन्या अपघातांचं ओझं डोक्यावर होतंच, तेही 2014 पर्यंत फेडून टाकायचं. आणि मग आलं 2008 चं आर्थिक संकट, गुंतवणूक आपटली, भविष्यातल्या खर्चाचे अंदाज वर गेले, आणि 2008-09 साठी एसीसीने 4.8 अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. यातला मोठा भाग कागदावरचा, म्हणजे पुढे देणं लागणाऱ्या पैशाचा अंदाज वाढला म्हणून आलेला. तिजोरीत खडखडाट झाला होता असं नाही. पण तोटा हा शब्द पेपरात छापून आला की त्याच्या मागचं गणित कोण बघतं.

नोव्हेंबर 2008 मध्ये जॉन की यांचं नॅशनल सरकार आलं होतं, एसीसीचं खातं निक स्मिथ यांच्याकडे. ऑक्टोबर 2009 मध्ये लेव्हीवाढीचे प्रस्ताव बाहेर आले. वाढ सगळ्यांनाच होती, कारवाल्यांना, नोकरदारांना, पण बाइकइतकी उडी कुणाचीच नव्हती. सरकारचं म्हणणं असं की बाइकस्वारांच्या दाव्यांवर वर्षाला साधारण 6 कोटी 20 लाख डॉलर जातात आणि त्यांच्याकडून लेव्ही येते जेमतेम 1 कोटी 20 लाख, मग उरलेला भार कारवाल्यांनी का उचलायचा. नुसत्या आकड्यांकडे बघितलं तर उत्तर देणं अवघड आहे हे मान्य करायला पाहिजे. बाइकवर पडलं तर कारसारखं पत्र्याचं कवच नसतं, इजा जास्त होते, खर्च जास्त होतो. त्यात त्या दशकात बाइकची संख्या वाढलेली, पेट्रोल महागलं म्हणून काही, आणि पोरंबाळं मोठी झाल्यावर वीस वर्षांनी पुन्हा बाइकवर बसलेले काका लोक बरेच.

पण बाइकवाल्यांचं उत्तर पण कच्चं नव्हतं. त्यांची बाजू मांडणाऱ्यांत पुढे होती ब्रॉन्झ ही बाइकस्वारांच्या हक्कांसाठीची संघटना, आणि युलिसिस क्लब. हा युलिसिस क्लब मूळचा 1983 चा ऑस्ट्रेलियातला, चाळिशी ओलांडलेल्यांसाठीचा, आणि त्यांचं ब्रीदच असं की म्हातारं व्हायचं पण शहाण्यासारखं नाही. म्हणजे ते काळे जॅकेटवाले बघून कुणाला गुंडांची टोळी वाटली असेल तर हेल्मेट काढल्यावर अर्ध्यांचे केस पांढरे असणार.

त्यांचा पहिला मुद्दा असा की दोन गाड्यांच्या टकरीत बऱ्याच वेळा चूक कारवाल्याची असते, वळताना बघत नाही आणि मग म्हणतो सॉरी भाऊ दिसलाच नाहीस. यावर एसीसी म्हणते आम्ही चूक बघतच नाही, योजनाच तशी आहे. ठीक, पण मग ज्याने ठोकलं त्याची लेव्ही थोडीशी वाढणार आणि ज्याचा पाय मोडला त्याच्या जातभाईंची तिप्पट होणार, हे कुठलं चूक न बघणं? माझ्या मते सगळ्या भांडणाचं सार या एका प्रश्नात आहे. इजा कोणाला झाली यावरून बिल फाडायचं ठरवलं की चूक मागच्या दाराने परत आत येते, फक्त आता ती जखमी झालेल्याच्या गळ्यात पडते. आणि हे त्याच माणसाला, ज्याने समोरच्यावर दावा लावायचा हक्क आधीच सोडून दिलाय.

दुसरा मुद्दा, रग्बी आणि सायकल. रग्बीत गुडघे फुटतात त्याचा खर्चही एसीसीच करते, हौशी खेळाडूला वेगळी लेव्ही नाही. सायकलवाला कारखाली आला तर खर्च गाड्यांच्याच खात्यातून, सायकलला रेगोच नाही. मग धोक्यानुसार पैसे घ्यायचे तर सगळ्यांकडून घ्या, नाहीतर कोणाकडूनच नको. सरकारला हे ऐकायला आवडणार नव्हतं, कारण त्या देशात रग्बीला हात लावायची हिंमत कोण करणार.

तिसरा मुद्दा थोडा बारीक पण बाइकवाल्यांना सगळ्यात जास्त टोचणारा. लेव्ही गाडीवर आहे, माणसावर नाही. तीन बाइक असतील तर तीन लेव्ही, बसणार एका वेळी एकीवरच. आणि ती सहाशे सीसीची रेघ. यामाहाची आर सिक्स 599 सीसीची आहे, रेसिंगच्या ट्रॅकवरून थेट रस्त्यावर उतरलेली, ती खालच्या गटात. सुझुकीची डीआर 650 आहे 644 सीसीची, एका सिलेंडरची साधी दणकट गाडी, कच्च्या रस्त्यावर धुगधुगत जाणारी, ती वरच्या गटात. सीसीवरून धोका मोजणारा माणूस आयुष्यात बाइकवर बसलाय का असा प्रश्न पडणारच.

अशी भांडणं आधी इतरत्र झालीच होती. फ्रान्समध्ये 1979-80 ला मोठ्या बाइकवर रोड टॅक्सचं स्टिकर सक्तीचं केलं, लोक रस्त्यावर उतरले आणि त्यातूनच 1980 मध्ये बाइकस्वारांची राष्ट्रीय फेडरेशन उभी राहिली, तीन वर्षांनी त्यांनी स्वतःची विमा म्युच्युअल पण काढली, म्हणजे हप्ता जास्त घेता ना, मग आमचा आम्हीच विमा करतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2002 मध्ये सव्वाशे सीसीच्या वरच्या बाइकवर वर्षाला 50 डॉलरची सुरक्षा लेव्ही लावली होती, तिचा पैसा बाइकच्याच सुरक्षेवर खर्च करायचा. ही शेवटची कल्पना शेजारी न्यूझीलंडमध्ये लवकरच दिसणार होती.

त्या दिवशी पार्लमेंटच्या पायऱ्यांवर निक स्मिथ गर्दीसमोर आले, बोलले आणि त्यांची हुर्यो उडाली. पण नुसत्या हुर्योवर प्रकरण संपलं नाही. डिसेंबरमध्ये सरकारने आकडे खाली आणले, सहाशेच्या वरच्या बाइकला 745 ऐवजी साधारण 427 डॉलर, 1 जुलै 2010 पासून. यात 30 डॉलर नवीन, मोटारसायकल सुरक्षा लेव्ही म्हणून, आणि ते कुठे खर्च करायचे हे सुचवायला बाइकस्वारांचीच एक सल्लागार समिती. 2010 च्याच कायद्याने जुनं ओझं फेडायची मुदतही 2014 वरून 2019 वर ढकलली. म्हणजे आता भरलंच पाहिजे, नाहीतर योजना बुडेल, असं जे सांगत होते त्यांना पाच वर्षं सापडली की.

जिंकले का बाइकवाले? अर्धवट. अडीचशेचे सव्वाचारशे झाले हे काही कमी नाही, आणि काही जणांनी हिवाळ्यात रेगो होल्डवर टाकून बाइक शेडमध्ये झाकून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे रस्त्यावर नाही तर लेव्हीही नाही. सुरक्षा लेव्हीच्या पैशातून मात्र राइड फॉरेव्हर नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं, अनुभवी इन्स्ट्रक्टर तुमच्या मागे बाइकवर येतो आणि तुमच्या चुका सांगतो, फी बरीचशी त्या निधीतून. शिव्या घालत लेव्ही भरणारे लोकही हा कोर्स करून आले की त्याबद्दल बरं बोलतात.

आणि कारवाले? 2015 मध्ये त्यांच्यावरही धोक्यानुसार दर आले, गाडीचं मॉडेल किती सुरक्षित यावरून लेव्ही. जुन्या स्वस्त गाड्या चालवणाऱ्यांनाच जास्त भरावं लागतंय अशी ओरड झाली आणि 2019 मध्ये ती पद्धत बंद केली, कारला पुन्हा एकसारखा दर. बाइकची सहाशे सीसीची रेघ मात्र तेव्हाही तशीच राहिली.