कोविड लस: नोंदणी, ओळखपत्र, दुसरा डोस, प्रमाणपत्र आणि त्यानंतरचा मास्क (ऑगस्ट २०२१)

ही सगळी माहिती ऑगस्ट २०२१ ची, यातल्या तारखाही त्याच सालच्या; नियम आणि दर नंतर बदलले. लसीकरण केंद्रावरून हात हलवत परतणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असायची. काहींची पाळी येईपर्यंत लस संपलेली असायची. काहींचा कागद जुळायचा नाही: आधारवर एक नाव आणि नोंदणीत दुसरं, ओटीपी गेलेला फोन मुलाच्या खिशात आणि मुलगा कामावर, पहिला डोस एका नंबरवर आणि दुसऱ्यासाठी भलताच नंबर. तुटवड्यावर तुमच्या-माझ्या हातात इलाज नव्हता. १२ मे २०२१ रोजी राज्यालाच १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून शिल्लक साठा ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावा लागला होता. कागदाचं मात्र घरबसल्या निस्तरता यायचं. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: पहिल्या डोसला जो मोबाईल नंबर आणि जे ओळखपत्र दिलं, तेच दुसऱ्या डोसला द्यायचं. घरातल्या थोरांच्या बाबतीत ही जोडी एखाद्या वहीत लिहून ठेवलेली बरी.

कोणाला घेता येत होती

ऑगस्ट २०२१ मध्ये, १८ वर्षं पूर्ण केलेल्या कोणालाही. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चला साठीच्या पुढचे आणि व्याधी असलेले ४५ ते ५९ वयाचे लोक आले, १ एप्रिलला ४५ च्या पुढचे सगळे आणि १ मेपासून १८ च्या पुढचे सगळे. टप्पे असे बदलत गेल्यामुळे जुनी माहिती तेव्हाही फिरत होती. मधुमेह किंवा रक्तदाब असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मार्चमध्ये लागायचं, नंतर लागत नव्हतं. त्यासाठी दवाखान्यात खेटे घालायची गरज राहिली नव्हती.

स्तनदा मातांना मे महिन्यात आणि गरोदर महिलांना २ जुलैला केंद्र सरकारने परवानगी दिली. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं, पण 'दिवस गेलेत म्हणून लस नाही' असं केंद्रावर कोणी सांगत असेल तर ते आता खरं नाही. पाळी चालू असताना लस घेऊ नये या अफवेलाही काही आधार नाही.

कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यानंतर तीन महिने थांबायचं, असा तेव्हाचा नियम होता. पहिल्या डोसनंतर कोविड झाला तरी दुसऱ्या डोसला हाच नियम. आधीच्या डोसची किंवा लशीतल्या एखाद्या घटकाची तीव्र ॲलर्जी आली असेल तर लस घ्यायची नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर टोचणाऱ्या सिस्टरना आधी सांगा.

ओळखपत्र कोणतं

आधार सक्तीचं नव्हतं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं, कारण बऱ्याच ठिकाणी रांगेत पहिला प्रश्न 'आधार आणलंय का' हाच असायचा. मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पेन्शन पासबुक, यांपैकी काहीही चालायचं. त्यावरचा पत्ता लसीकरण केंद्राच्या गावाचाच हवा असंही नव्हतं. कामासाठी बाहेरगावी असाल तर तिथेच घ्यायची. को-विन या केंद्र सरकारच्या लसनोंदणी संकेतस्थळावर देशातला कोणताही जिल्हा निवडता यायचा.

परदेशी जाण्याची शक्यता असेल तर मात्र पहिल्यापासून पासपोर्टच द्या आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, पॅनवर नुसतं आद्याक्षर असा घोळ घरोघरी असतो. तो विमानतळावर सोडवत बसण्यापेक्षा नोंदणीतच टाळलेला बरा.

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही? भटके, फुटपाथवर राहणारे, वृद्धाश्रमातले, कैदी, साधू. केंद्र सरकारने ६ मे रोजी त्यांच्यासाठी वेगळी कार्यपद्धती काढली होती. जिल्हा प्रशासन अशा लोकांचा गट शोधून एक जबाबदार व्यक्ती नेमायचं, तिच्या नोंदणीवर गटातल्या सगळ्यांना लस देता यायची. मोबाईलही लागत नव्हता. तुमच्या भागातल्या अशा माणसांची माहिती महापालिकेच्या विभाग कार्यालयाला किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायची. ती माणसं स्वतः अर्ज करायला येणार नाहीत. आपणच दोन पावलं पुढे गेलं पाहिजे.

नोंदणी

को-विन संकेतस्थळ किंवा आरोग्य सेतू ॲप, दोन्हीकडे पद्धत एकच होती. जून २०२१ पासून संकेतस्थळ मराठीतही होतं. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, मग ओळखपत्राचा प्रकार, क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष. एका नंबरवर तेव्हा चौघांची नोंदणी व्हायची. पुढे पिनकोड किंवा जिल्हा निवडून केंद्र, लस आणि वेळ ठरवायची. 'मोफत' आणि 'सशुल्क' अशी निवड तिथेच करता यायची. सरकारी केंद्रावर पैसे लागत नव्हते. खासगी रुग्णालयात केंद्र सरकारने ठरवलेला कमाल दर, करासकट, ऑगस्ट २०२१ मध्ये कोविशिल्डला ७८० रुपये, कोव्हॅक्सिनला १,४१० आणि स्पुटनिकला १,१४५ होता. यापेक्षा जास्त मागितले तर द्यायचे नाहीत, तक्रार करायची.

वेळ ठरली की चार आकडी सुरक्षा कोड यायचा. तो प्रत्यक्ष लस घेताना सांगायचा, त्याआधी कोणालाही नाही. वेळ घेतलेली पण न गेलेली माणसं नोंदीत 'लस घेतली' म्हणून दिसू लागली, तेव्हा ८ मेपासून ही सोय आली. फोनवरून कोड विचारणारा कोणीही असो, सरळ फोन ठेवा.

ऑनलाइन जमत नसेल तरी अडत नव्हतं. आधी नोंदणी असलीच पाहिजे ही अट ऑगस्टपर्यंत राहिलेली नव्हती. सरकारी केंद्रावर ओळखपत्र घेऊन थेट गेलं तरी तिथले कर्मचारी नोंदणी करून द्यायचे. बहुतेक ठिकाणी सकाळी टोकन वाटायचे, म्हणून आदल्या दिवशी साठ्याची खात्री करून जावं लागायचं. फोन मात्र सोबत हवा असायचा, कारण नोंदणी आणि प्रमाणपत्र दोन्ही त्या नंबरला बांधलेलं असायचं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी मुंबई महापालिकेने घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली होती. रुग्ण केंद्रापर्यंत येऊ शकत नाही असं डॉक्टरांचं पत्र आणि नातेवाइकांची लेखी संमती लागायची. बाकी शहरांत स्थानिक आरोग्य विभागाला विचारावं लागायचं.

केंद्रावरून निघण्याआधी

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असायचं. त्या अर्ध्या तासात फोनवर को-विनचा संदेश आला का पाहा. त्यात नाव, लशीचं नाव आणि तारीख असते. आला नसेल तर उठून नोंदणीच्या टेबलाशी जा आणि तिथल्या तिथे विचारा. घरी गेल्यावर तीच गोष्ट करायला तुम्हाला दोन चकरा पडतील.

संदेशाकडे इतकं लक्ष द्यायला सांगतो त्याला कारण आहे. ३० मे रोजी कांदिवलीच्या एका गृहसंकुलात ३९० जणांना शिबिरात 'लस' टोचली गेली. कोणालाही को-विनचा संदेश आला नाही, फोटो काढू दिले नाहीत, आणि नंतर आलेली प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली. सोसायटीत किंवा कंपनीत शिबिर असेल तर ते कोणत्या रुग्णालयाचं आहे हे पालिकेकडून तपासून घ्या, कुपी बघायला मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

दुसरा डोस आणि त्याबद्दलची धास्ती

कोव्हॅक्सिनचं अंतर पहिल्यापासून ४ ते ६ आठवडे होतं. कोविशिल्डचं आधी ४ ते ६, मग मार्चमध्ये ६ ते ८, आणि १३ मेपासून १२ ते १६ आठवडे झालं. लस मिळत नव्हती त्याच दिवसांत अंतर वाढलं, त्यामुळे लोकांना संशय आला, आणि तो येणं स्वाभाविक आहे. सरकारने कारण दिलं ते ब्रिटनमधल्या प्रत्यक्ष अनुभवाचं. जास्त अंतर ठेवल्याने या लशीची परिणामकारकता कमी होत नाही, उलट वाढल्याचं आधीच्या चाचण्यांतही दिसलं होतं. माझं मत विचाराल तर हा निर्णय जाहीर करताना आकडे लोकांपुढे अधिक मोकळेपणाने ठेवायला हवे होते. पण म्हणून दुसरा डोस टाळणं हा उपाय नव्हे.

को-विन तेव्हा ८४ दिवसांच्या आत कोविशिल्डचा दुसरा डोस देऊ देत नव्हतं. अपवाद होता परदेशी शिक्षण, नोकरी आणि ऑलिंपिक पथकाचा: २८ दिवसांनंतर, निश्चित केलेल्या केंद्रावर, पासपोर्ट आणि प्रवेशाचं किंवा नोकरीचं पत्र दाखवून, ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंतच्या प्रवासासाठी. १६ आठवडे उलटून गेले असतील तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जमेल तितक्या लवकर दुसरा घ्यायचा. दोन्ही डोस एकाच लशीचे.

रक्ताच्या गुठळ्यांची भीती अनेकांनी मनात धरली आहे. ती उडवून लावू नये, नीट समजून घ्यावी. लशीचे दुष्परिणाम तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीने मे महिन्यात निष्कर्ष दिला: कोविशिल्डच्या दर दहा लाख डोसमागे ०.६१ इतकं हे प्रमाण. कोव्हॅक्सिननंतर असा एकही प्रकार समितीला आढळला नाही. हात दुखणं, ताप, अंग मोडून येणं हे एक-दोन दिवसांचं असतं. पण लस घेतल्यानंतरच्या वीसेक दिवसांत धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, न थांबणारी पोटदुखी, नेहमीपेक्षा वेगळी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा टोचलेल्या जागेपासून लांब त्वचेवर लाल ठिपके दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जा आणि लस कधी घेतली ते सांगा.

प्रमाणपत्र आणि त्यातल्या चुका

को-विन, आरोग्य सेतू किंवा डिजिलॉकरवरून उतरवून घेता यायचं. ऑगस्ट २०२१ पासून व्हॉट्सॲपवरही मिळू लागलं: ९०१३१५१५१५ हा क्रमांक साठवायचा, नोंदणीच्या नंबरवरूनच संदेश पाठवायचा. पहिल्या डोसनंतर मिळायचं ते तात्पुरतं, दुसऱ्यानंतरचं अंतिम.

नाव, जन्मवर्ष किंवा लिंग चुकलं असेल तर को-विनमध्ये लॉगिन करून तक्रार नोंदवायच्या पर्यायातून दुरुस्ती व्हायची, पण संधी एकदाच. म्हणून ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवूनच 'सबमिट' करा. प्रमाणपत्र समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये तुमची माहिती असते.

मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा पास काढायला हेच अंतिम प्रमाणपत्र लागायचं, आणि दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेले असावे लागायचे. स्थानकावरच्या मदत कक्षात प्रमाणपत्राची छापील प्रत आणि फोटो ओळखपत्र द्यायचं, तपासून शिक्का मारायचे, तो दाखवून खिडकीवर मासिक पास मिळायचा. एकेरी तिकीट या सवलतीत नव्हतं. बनावट प्रमाणपत्र दाखवलं तर गुन्हा दाखल व्हायचा.

दोन डोस झाले, मग मास्क कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जायचा. त्या १४ दिवसांतच उत्तराचा एक भाग आहे: सुई टोचली त्या क्षणी संरक्षण सुरू होत नाही, शरीराला दुसऱ्या डोसनंतरही साधारण दोन आठवडे लागतात. पहिला डोस घेऊन आठवड्याने लग्नाला गेलेले आणि मग 'लस घेऊनही झाला' म्हणणारे खूप आहेत. त्यांना लशीने फसवलेलं नाही, तिला वेळच मिळाला नव्हता.

दुसरा भाग असा की लस गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळते, संसर्ग पूर्णपणे थांबवत नाही. तेव्हा पसरलेला कोरोनाचा डेल्टा प्रकार तर लस घेतलेल्यालाही व्हायचा आणि त्याच्याकडून पुढे जाऊ शकायचा. तुम्हाला नुसती सर्दी होईल, पण घरात अठरा वर्षांखालची मुलं आहेत, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये लस सुरू झालेली नव्हती. केमोथेरपी चालू असलेली आत्या असेल, तिच्या शरीराने लशीला किती प्रतिसाद दिला हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून नाक झाकणारा मास्क, उघड्या खिडक्या आणि गर्दीपासून लांब राहणं तेव्हा चालूच ठेवायचं होतं, खास करून बंद खोलीत आणि लोकलच्या डब्यात. लक्षणं दिसली तर दोन डोसांच्या भरवशावर न राहता चाचणी करा आणि निकाल येईपर्यंत वेगळे राहा.

अडचण आली तर २०२१ मध्ये १०७५ ही केंद्र सरकारची मदतवाहिनी होती, को-विनच्या तांत्रिक तक्रारींसाठी ०१२०-४४७३२२२. फोन करताना नोंदणीचा मोबाईल आणि को-विनवर मिळालेला लाभार्थी संदर्भ क्रमांक जवळ ठेवायचा, त्याशिवाय ते तुमची नोंद उघडू शकत नव्हते.