डब्ल्यूएचएम आणि डब्ल्यूएचएमसीएस: किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोखले रोडवरच्या एका मिठाईवाल्या काकांचा फोन आला. "अरे, साइटवर अकाउंट सस्पेंडेड असं काय लिहिलंय? पैसे तर तुला कधीच पाठवले!" पाठवले होते खरे, यूपीआयने, माझ्या खासगी नंबरवर. मी ते बिलात नोंदवलेच नव्हते. घाईघाईत सर्व्हर सांभाळायचं पॅनेल, डब्ल्यूएचएम, उघडलं, अनसस्पेंड दाबलं, साइट चालू झाली. काका खूश, मीही खूश. पण मी चुकीचं दार उघडलं होतं.

होस्टिंग रिसेलरच्या, म्हणजे मोठ्या कंपनीकडून साइटसाठी सर्व्हरवरची जागा घेऊन ती पुढे विकण्याच्या, धंद्यात नवीन आलेले बहुतेक जण या दोन नावांत अडकतात. दोष नावांचाच. डब्ल्यूएचएम म्हणजे वेब होस्ट मॅनेजर आणि डब्ल्यूएचएमसीएस म्हणजे वेब होस्ट मॅनेजर कम्प्लीट सोल्यूशन. शेपूट जोडलेलं बघून वाटतं, दुसरं म्हणजे पहिल्याचीच मोठी आवृत्ती. तसं नाही. सोसायटीत पंप चालवणारा वेगळा आणि मेंटेनन्सची पावती फाडणारा वेगळा, तसं हे आहे.

सीपॅनेल म्हणजे होस्टिंगची खाती चालवायचं सॉफ्टवेअर. डब्ल्यूएचएम हे त्याचं मालकाच्या बाजूचं दार. ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी २०८७ दिसलं की समजायचं, आपण सर्व्हरवर आहोत. खातं उघडणं, डिस्कची मर्यादा घालणं, डीएनएस (साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद), साइट बंद-चालू करणं ही कामं इथे. रिसेलरला रूट, म्हणजे सगळ्या सर्व्हरचा ताबा, मिळत नाही, फक्त स्वतःची खाती दिसतात. पैसा, बिल, थकबाकी यातलं डब्ल्यूएचएमला काही कळत नाही.

डब्ल्यूएचएमसीएस ही वही. ऑर्डर, बिल, आठवणीचे ईमेल, तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारींची नोंद). ठाण्यातल्या ग्राहकाला ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी, सुरतेच्या ग्राहकाला १८ टक्के आयजीएसटी, हा हिशेब इथे बसवायचा. ते सर्व्हर चालवत नाही. एपीआयमधून, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या वाटेने, डब्ल्यूएचएमला हुकूम सोडतं: खातं बनव, बंद कर, उडव. आणि हो, ते त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर झोपला की तिकीट टाकायची सोयही झोपते.

हुकूम एकाच दिशेने जातो, खरी मेख इथे आहे. मी डब्ल्यूएचएममध्ये हाताने साइट चालू केली, पण वहीत काकांचं खातं 'सस्पेंडेड'च राहिलं आणि बिल थकीतच. रोजच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, मी 'इतके दिवस थकलं की खातं काढून टाक' हे चालू करून ठेवलं होतं. मुदत भरण्याआधी माझ्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर दिवाळीच्या ऑर्डरींसकट साइट पुसली गेली असती. करायचं एवढंच होतं: वहीत जाऊन बिलावर पैसे मिळाल्याची नोंद करायची. आपोआप चालू करण्याची सेटिंग असेल तर पुढचा हुकूम तेच सोडतं.

उलटी गंमतही होते. ओळखीच्या माणसाचं खातं थेट डब्ल्यूएचएममधून उघडून दिलं, वहीत नोंद नाही. वर्षानुवर्षं फुकट चालतं. २०१९ पासून सीपॅनेलचा परवाना खात्यांच्या संख्येवर आकारला जातो, त्यामुळे असं खातं नुसतं पडून राहिलं तरी खर्चात धरलं जातं.

दोघांना जोडताना एक बारीक खडा लागतो. रिसेलरने डब्ल्यूएचएममध्ये 'गोल्ड' नावाचं पॅकेज बनवलं की त्या नावाच्या आधी रिसेलरचं युजरनेम आणि खालची रेघ आपोआप चिकटते. डब्ल्यूएचएमसीएसच्या उत्पादनात नुसतं 'गोल्ड' लिहिलं तर जुळत नाही. पैसे जमा होतात, खातं बनत नाही, आणि ग्राहक फोन करतो. हे नाव हाताने टाइप करू नका, डब्ल्यूएचएममधून उचलून चिकटवा.