समुद्रसपाटी: उंचीचे शून्य कसे ठरले

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना पाठ असते. एव्हरेस्टचे ८८४८.८६ मीटरही पाठ असतात. या आकड्यांमागे ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द आपण सवयीने लावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. खरे तर थांबायला हवे ते तिथेच. समुद्र कुठला? आणि किती वाजताचा? मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार ते साडेचार मीटरचा फरक पडतो. खंबातच्या आखातात भावनगरजवळ तो दहा मीटरच्याही वर जातो आणि चेन्नईला मात्र जेमतेम मीटरभर असतो. दर तासाला वरखाली होणाऱ्या या पाण्यातून स्थिर शून्य काढायचे कसे?

भारतात या प्रश्नाचे उत्तर मिळायला शंभरहून अधिक वर्षे लागली. शालेय भूगोलात ते अर्ध्या ओळीत उरकले जाते, याची मला खंत वाटते. समोच्च रेषा, पठाराची उंची, नदीचा उतार, घाटातला रेल्वेमार्ग या सगळ्याचे मोजमाप या एका शून्यावर उभे आहे.

सुरुवात मद्रासमधून झाली. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी सेंट थॉमस माउंटजवळ पोलादी साखळीने पायारेषा मोजायला घेतली. ती सुमारे बारा किलोमीटर लांब होती आणि मोजायला जवळजवळ दोन महिने लागले. पुढे ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून गाजलेल्या मोहिमेचा हा आरंभ. एक बाजू प्रत्यक्ष मोजायची आणि बाकीचे त्रिकोण केवळ कोन मोजून सोडवत पुढे सरकायचे, अशी ही पद्धत. लॅम्बटन यांना जमिनीवरची अंतरे आणि पृथ्वीचा आकार हवा होता, पण त्यासाठीही उंची लागतेच. पृथ्वी गोल असल्यामुळे पठारावर मोजलेली रेषा तिच्या थेट खाली, समुद्राच्या पातळीवर असलेल्या रेषेपेक्षा किंचित लांब भरते. म्हणून मोजलेली प्रत्येक पायारेषा हिशेबाने समुद्राच्या पातळीला आणावी लागे. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, डोंगरमाथ्यांवर चढवत लॅम्बटन वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावातच आहे. विदर्भातल्या शाळांनी भूगोलाची सहल न्यावी अशी ही जागा आहे.

त्यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट आणि मग अँड्र्यू वॉ यांनी त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. त्यामुळे शिखरांचे कोन तराईतून, पावणेदोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही लांबून मोजावे लागले. एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई केवढी अडचण करते याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांनी जरूर करून पाहावा. अंतराच्या वर्गाला पृथ्वीच्या व्यासाने भागले, की शिखर नजरेच्या सरळ रेषेखाली किती उतरले ते साधारण मिळते. १७५ किलोमीटरसाठी हे उत्तर येते २४०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. शिवाय तराईच्या दमट, गरम हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा उंच भासते. हे वाकणे सकाळी वेगळे आणि दुपारी वेगळे. या दुरुस्त्यांच्या गणितात निष्णात असलेले कोलकात्याचे राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास ‘शिखर क्रमांक १५’ सर्वांत उंच असल्याचे दाखवले. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. आजच्या आकड्यापेक्षा ती तीस फुटांनीही कमी नाही. तराईतून, शिखराजवळ न जाता साधलेली ही अचूकता पाहिली की शाळेतल्या त्रिकोणमितीकडे बघण्याची नजरच बदलते.

पण कोनांवरून काढलेल्या उंचीत हवेच्या लहरीपणाचा दोष राहतोच. रेल्वे, कालवे आणि धरणांना एवढी ढिलाई चालत नाही. कालव्याला किलोमीटरमागे काही सेंटिमीटरचा उतार द्यायचा असतो, तिथे दोन फुटांची चूक झाली तर पाणी उलटे येईल. म्हणून १८५८ मध्ये अचूक लेव्हलिंगचे काम सुरू झाले. पहिली मोठी रेषा कराचीच्या समुद्रापासून सिंधू नदीच्या बाजूने अटकेकडे गेली.

ही पद्धत साधी आहे, पण चिकाटीचा अंत पाहणारी. मध्ये तिकाटण्यावर दुर्बिणीची लेव्हल ठेवायची आणि मागे-पुढे थोड्या अंतरावर आकडे कोरलेल्या दोन उभ्या पट्ट्या धरायच्या. मागच्या पट्टीवरचा आकडा वजा पुढच्या पट्टीवरचा आकडा, एवढाच चढ किंवा उतार. मग मागची पट्टी पुढे न्यायची आणि पुन्हा तेच. दोन्ही पट्ट्या लेव्हलपासून सारख्याच अंतरावर असल्या, की गोलाईचा आणि किरण वाकण्याचा दोष बहुतांशी आपोआप कटतो. असे शंभर-सव्वाशे मीटरचे टप्पे जोडत हजार किलोमीटर जायचे आणि खात्रीसाठी तोच रस्ता उलट दिशेने पुन्हा मोजायचा. वाटेत दगडावर खूण कोरून तिची उंची नोंदवून ठेवायची. हे बेंचमार्क. पूल, देवळे, सरकारी इमारतींचे जोते अशा न हलणाऱ्या जागा त्यासाठी निवडल्या गेल्या.

नागपूरच्या झिरो माईलजवळ असाच एक ‘जीटीएस (ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे) स्टँडर्ड बेंचमार्क’ आहे, १९०७ सालचा. त्यावरची उंची १०२० फुटांच्या किंचित वर, म्हणजे सुमारे ३११ मीटर आहे. लोक तिथे भारताचा मध्यबिंदू बघायला जातात, घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढतात. माझ्या मते त्या आवारातली सर्वांत मोलाची गोष्ट तो उंचीचा दगडच आहे. मध्यबिंदू कुठे धरावा यावर वाद घालता येतो. त्या दगडाची उंची मात्र समुद्रापासून टप्प्याटप्प्याने मोजत आणलेली आहे.

आता उरला खुद्द समुद्र. लेव्हलिंगची रेषा किनाऱ्यावर जिथून निघते तिथले पाणी किती उंच धरायचे? १८७० च्या दशकात सर्वेक्षण विभागाने बंदरांवर भरतीमापक यंत्रे बसवायला सुरुवात केली. मुंबईत अपोलो बंदरावरच्या यंत्राच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. यंत्राची रचना मुलांना फळ्यावर सहज काढून दाखवता येते. काठावर एक उभी विहीर, तिच्या तळाशी समुद्राला जोडणारे अरुंद तोंड. तोंड अरुंद असल्याने लाटांची खळबळ आत पोहोचत नाही, पाण्याची सावकाश चढउतार तेवढी पोहोचते. विहिरीत तरंगता फ्लोट, त्याला तार, तारेला पेन्सिल आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद. पाणी चढले की रेघ चढते, उतरले की उतरते. रात्रंदिवस, पावसाळ्यातसुद्धा.

या कागदांवर अनपेक्षित गोष्टीही उमटल्या. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा त्सुनामीच्या खुणा भारतीय किनाऱ्यावरच्या यंत्रांनी टिपल्या. त्याआधी ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटाही बंगालच्या उपसागराभोवतीच्या यंत्रांवर नोंदल्या गेल्या होत्या. २००४ च्या त्सुनामीनंतर शास्त्रज्ञांनी याच जुन्या नोंदी पुन्हा बाहेर काढून तपासल्या.

तासातासाच्या पातळ्यांची वर्षानुवर्षांची सरासरी म्हणजे सरासरी समुद्रपातळी. वर्षभराची सरासरी पुरेशी का नसते, हे विद्यार्थी हटकून विचारतात. चंद्राच्या कक्षेचा कल सुमारे १८.६ वर्षांच्या चक्राने बदलतो आणि त्याबरोबर भरतीचे प्रमाणही हलते. त्यामुळे चांगली सरासरी हवी तर साधारण एकोणीस वर्षांच्या नोंदी लागतात. शिवाय मोसमी वारे, हवेचा दाब आणि नद्यांचे पाणी यांनीही ऋतूगणिक पातळी बदलते.

अखेर १९०९ मध्ये देशभरच्या लेव्हलिंगच्या रेषा एकत्र जुळवल्या गेल्या. त्यासाठी नऊ बंदरांवरची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली: कराची, मुंबईचे अपोलो बंदर, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टिनम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचे फॉल्स पॉइंट. विसाव्या शतकातले स्थलदर्शक नकाशे आणि समोच्च रेषा याच शून्याला बांधलेल्या आहेत. यात एक तडजोड होती. नऊही ठिकाणी समुद्र एकाच पातळीवर आहे असे मानले गेले आणि जमिनीवरच्या मोजमापातला फरक गणिताने वाटून टाकला. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान, क्षारता, वारे आणि प्रवाह यांमुळे सरासरी पातळीही बंदराबंदराला थोडी वेगळी असते. ‘सपाटी’ म्हणतो तेवढा समुद्र सपाट नाही.

तो सपाट का नाही याचे खोल कारण मात्र हिमालयाच्या मोजणीतून हाती लागले, आणि प्राकृतिक भूगोलाच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच. मध्य भारतातले कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कल्याणा या दोन स्थानकांमधले अंतर दोन प्रकारे काढले गेले, एकदा त्रिकोणांवरून आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन उत्तरांत कोनाच्या मापात पाच सेकंदांहून (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) थोडा जास्त फरक आला, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. ताऱ्यांचे वेध घेताना ‘सरळ खाली’ कोणती दिशा हे ओळंब्याने ठरते. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंबा स्वतःकडे ओढत असणार, म्हणून कोलकात्यातले धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी त्या ओढीचा हिशेब मांडला. निघाले भलतेच. दिसतो आहे एवढा हिमालय खरोखर भरीव असता, तर फरक पंधरा सेकंदांहून अधिक यायला हवा होता. ओढ अपेक्षेच्या एक तृतीयांशच होती.

१८५५ मध्येच ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी त्याचा अर्थ सुचवला. पर्वतांना खाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात आणि ती अधिक घन थरात रुतून तरंगतात, पाण्यातल्या हिमनगासारखी. प्रॅट यांचे स्पष्टीकरण वेगळे होते: उंच प्रदेशाखालचा खडकच कमी घनतेचा असतो. भूकवचाच्या या समतोलाला पुढे आयसोस्टसी हे नाव मिळाले. भूकवच, प्रावरण, पर्वतांची मुळे हे धड्यातले शब्द अशा एका पाच सेकंदांच्या न जुळणाऱ्या हिशेबातून आले आहेत.

ओळंबा जसा वाकतो तसे पाणीही वाकते. जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे समुद्राचा पृष्ठभाग फुगतो, कमी तिथे खोलगट होतो. वारे आणि भरती नसती तर समुद्राने जो आकार घेतला असता आणि जमिनीखालूनही जो कल्पनेने पुढे नेता येतो, त्याला जिऑइड म्हणतात. त्याचा जगातला सर्वांत मोठा खोलगट भाग आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. पृथ्वीच्या आदर्श लंबगोलापेक्षा तिथला समुद्र सुमारे १०६ मीटर खाली आहे. जहाजावरच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण ‘खाली’ ही दिशाही त्या उताराबरोबर बदलत जाते. भारतीय द्वीपकल्प या खोलगटाच्या प्रभावात येते. उपग्रह उंची मोजतात ती मुळात या लंबगोलापासून. त्यामुळे दुरुस्ती न करणारे एखादे जीपीएस अ‍ॅप गिरगाव चौपाटीवर उणे साठ-सत्तर मीटर उंची दाखवू शकते. उपकरण बिघडलेले नसते, त्याचे शून्य वेगळे असते.

मुंबईकरांचा तर दर पावसाळ्यात दोन शून्यांशी संबंध येतो. ‘आज ४.८ मीटरची भरती’ अशी बातमी येते आणि कित्येकदा ती ‘४.८ मीटर उंच लाटा’ अशी सांगितली जाते. हे चूक आहे. तो आकडा लाटेचा नाही, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आहे. शिवाय तो सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेलाही नाही. सागरी नकाशांचे शून्य मुद्दाम खूप खाली, मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळ धरतात, म्हणजे नकाशातल्या खोलीपेक्षा कमी पाणी जहाजाला क्वचितच मिळेल. भारतीय बंदरांसाठी हे खालचे शून्य ठरवण्याची रीत चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी बसवून दिली. मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती स्थलदर्शक नकाशाच्या भाषेत साधारण २.३ मीटर उंचीपर्यंत येते. शहरातले जे सखल भाग याच्या आसपास किंवा खाली आहेत, तिथले पावसाचे पाणी त्या तासांत समुद्रात उतरत नाही. पाणी उपसून समुद्रात सोडणारी उदंचन केंद्रे बांधावी लागतात ती यासाठी.

आणि खुद्द ते शून्यही आता सरकते आहे. अपोलो बंदराच्या शतकाहून जास्त काळाच्या नोंदींतून मुंबईत समुद्र वर्षाला साधारण पाऊण मिलिमीटरने चढत आल्याचे दिसते. १९९३ पासूनच्या उपग्रह-मोजणीत जगाची सरासरी वाढ वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक आहे. ही तुलना मुंबईसाठी करता येते, कारण १८७८ सालच्या कोणा कारकुनाने रोज तो कागद बदलला, तारीख टाकली आणि जपून ठेवला.